३.७३ गिअर टाकल्यावर मस्टँगच्या मागून येणारा आवाज: सेट परत बदलण्याआधी हे तपासा

फोर्ड मस्टँगच्या मागच्या ॲक्सलमधलं २.७३ चं क्राउन-पिनिअन (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं; आकडा म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनिअनचे किती फेरे) काढून ३.७३ चं बसवलं की सिग्नलवरून सुटताना गाडी वेगळीच वाटते. इंजिन तेच, पण पाय ठेवल्याबरोबर उठते. आणि मग थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते: ताशी ४५ ते ६० मैलांच्या दरम्यान मागून बारीक, एकसुरी हूंकार येतो. ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो, किंवा सोडला की वाढतो. गॅरेजवाला म्हणतो, "चालवा थोडी, बसेल." बसत नाही. मग तो कव्हर उघडून बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, थोडा कमी करतो. आवाज थोडा बदलतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि काही दिवसांनी तो परत येतो. शेवटी "सेटच खराब आला" असं ठरून नवा सेट येतो. तोही गायला लागतो.

हे चक्र मी इथे मिशिगनमध्ये ओळखीच्या लोकांच्या गाड्यांत इतकं पाहिलंय की आता कुणी "सेट खराब होता" म्हटलं की पहिला प्रश्न विचारतो: पिनिअनखाली कोणत्या जाडीचा शिम (धातूची पातळ चकती) होता आणि तो कुणी, कशावरून ठरवला? बहुतेक वेळा उत्तर येतं, "जुना होता तोच लावला." दुखणं तिथेच असतं. बॅकलॅश कव्हर उघडून बाजूचे शिम बदलून हलवता येतो. पिनिअनची खोली, म्हणजे ते क्राउनकडे किती आत बसलंय, ती बदलायची तर सगळं उतरवावं लागतं, बेअरिंग प्रेसवर काढावं लागतं. म्हणून सोपं ते हलवलं जातं आणि अवघड तसंच राहतं.

इथलं सगळं फोर्डच्या ८.८ इंची सॉलिड ॲक्सलबद्दल आहे, जो व्ही-एट मस्टँगमध्ये १९८६ पासून आला. आकडे फॉक्स बॉडीच्या, म्हणजे १९९३ पर्यंतच्या ५.० लिटर, टी-५ गिअरबॉक्सवाल्या गाडीचे धरलेत. नंतरच्या सॉलिड ॲक्सल गाड्यांना पद्धत तीच लागू आहे, आकडे आपापल्या मॅन्युअलमधून घ्या.

आधी ठरवा, आवाज गिअरचाच आहे का

निम्म्या भांडणांचा निकाल इथेच लागतो. गिअर बदलल्यावर माणूस कान टवकारून गाडी चालवतो आणि आधीपासून असलेले आवाजही त्याला नवे वाटतात. त्यात इथल्या काँक्रीटच्या फ्रीवेवर आडव्या खाचा असतात, त्या टायरला चांगलंच गायला लावतात. म्हणून पहिली चाचणी अशी: त्याच वेगाने डांबरी रस्त्यावर जा. रस्त्याबरोबर आवाज बदलला तर टायर. नाही बदलला तर पुढे चला.

दुसरी चाचणी: वेग तोच ठेवून चौथ्यातून पाचव्यात जा. इंजिनाचे आरपीएम उतरतील. आवाजाची पट्टी तीच राहिली तर तो प्रॉपेलर शाफ्टपासून (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) मागे कुठेतरी आहे. आरपीएमबरोबर पट्टीही उतरली तर आधी पुढे शोधा.

तिसरी चाचणी थोडी हिशेबाची, पण माझी सगळ्यात आवडती. फोनवर ध्वनीची फ्रिक्वेन्सी दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. ३.७३ च्या सेटमध्ये क्राउनला ४१ दात आणि पिनिअनला ११. टायरचा व्यास २५.७ इंच (२२५/५५ आर १६) धरला तर ताशी ७० मैलांवर चाक सेकंदाला साधारण १५.२ फेरे घेतं. दर फेऱ्याला ४१ दात एकमेकांवरून जातात, म्हणजे सेकंदाला ६२५ टकरा. गिअरचा आवाज ७० मैलांवर ६२५ हर्ट्झच्या आसपास उमटलाच पाहिजे, त्याच्या दुपटीलाही छोटा उंचवटा दिसू शकतो. सोपा नियम: दर मैलाला सुमारे ९ हर्ट्झ. ५० मैलांवर ४४५ च्या जवळ. ॲपमधला उंचवटा वेगाबरोबर याच हिशेबाने सरकत असेल तर तो क्राउन-पिनिअनच. मात्र वेग जीपीएसवरून घ्या, स्पीडोमीटरवरून नको. का, ते शेवटी.

याच हिशेबाने बाकीचे आरोपीही वेगळे होतात. प्रॉपेलर शाफ्ट ७० मैलांवर सेकंदाला सुमारे ५७ फेरे घेतो. शाफ्टचं बॅलन्स बिघडलं असेल तर थरथर ५७ हर्ट्झवर. युनिव्हर्सल जॉइंटचा कोन बिघडला असेल तर त्याच्या दुप्पट, ११४ च्या आसपास. ती शिट्टी नसते, घुमल्यासारखी गुणगुण असते, सीटमधून जाणवते. आणि लक्षात घ्या, २.७३ असताना त्याच वेगाला शाफ्ट ४२ च्याही खाली फिरत होता. गिअर बदलल्यावर शाफ्ट ३६ टक्के जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे आधी लपून राहिलेलं असंतुलन नव्या गिअरच्या माथी मारलं जातं. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली असेल तर पिनिअनचा कोन आधी मोजा.

ॲक्सलच्या टोकाचं बेअरिंग ओळखायला मोकळ्या रस्त्यावर ४५ मैलांवर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना घरघर वाढली तर उजवं बेअरिंग, आणि उलट. या ॲक्सलमध्ये बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात, त्यामुळे शाफ्टवर चर पडलेली असेल तर नवं बेअरिंग घालूनही उपयोग नाही.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गिअरबरोबरच अनेक जण मागच्या कंट्रोल आर्मचे रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे किंवा थेट धातूचे टाकतात. रबर जे गिळत होतं ते आता सरळ बॉडीत येतं. सेट उत्तम बसवलेला असूनही केबिनमध्ये आवाज येतो, आणि गिअर बसवणारा शिव्या खातो. बुश त्याच वेळी बदलले असतील तर आधी त्यांच्याकडे संशयाने पाहा.

आवाज कधी येतो ते लिहून ठेवा

गिअरचाच आहे हे ठरलं की तीन स्थितींत ऐका. ॲक्सिलरेटर दाबलेला; पूर्ण सोडलेला, म्हणजे गाडी इंजिनच्या ओढीने मंदावतेय; आणि मधली स्थिती, जिथे गाडी ना ओढतेय ना रोखतेय. कव्हर उघडण्याआधी कोणत्या वेगाला कोणत्या स्थितीत, हे कागदावर लिहा. गॅरेजमध्ये "आवाज येतो" एवढंच सांगितलं तर ते बॅकलॅशच हलवणार.

फक्त दाबल्यावर येणारी शिट्टी म्हणजे दातांच्या ड्राइव्ह बाजूचा (गाडी ओढताना जी लागते ती) स्पर्श चुकीच्या जागी आहे. इथे पहिला संशय पिनिअनच्या खोलीवर.

फक्त सोडल्यावर येत असेल तर स्पर्श तपासाच, पण त्याआधी पिनिअन बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे ते किती आवळून बसवलंय ते. गाडी ओढत असताना पिनिअन क्राउनपासून दूर ढकललं जातं, सोडल्यावर क्राउनकडे खेचलं जातं. प्रीलोड गेला असेल तर सोडल्यावर पिनिअन आत सरकतं, खोली बदलते आणि सूर लागतो.

तिन्ही स्थितींत सारखी घरघर असेल तर बेअरिंग. गाडी सोडताना-पकडताना "ठक्" होत असेल तर जॉइंटचे क्रॉस, मग पिनिअनचा नट, मग बॅकलॅश, या क्रमाने. आणि पार्किंगमध्ये हळू वळताना कर्रर्र थरथर होत असेल तर गिअरचा काहीच संबंध नाही: ट्रॅक्शन-लॉकच्या (फोर्डचं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) क्लचला लागणारा फ्रिक्शन मॉडिफायर तेलात घातलेला नाही. ४ औंसाची बाटली, काही वेळ आठाच्या आकड्यात गाडी फिरवा, बहुतेक वेळा मिटतं.

पिनिअनचा नट आणि एअर गन

सोडल्यावर येणाऱ्या आवाजाचं सगळ्यात नेहमीचं कारण गिअर बसवतानाचं नसतं, नंतरचं असतं. पिनिअनचं सील गळतं. कुणीतरी नट खोलतो, सील बदलतो, आणि एअर गनने नट घट्ट मारतो. काम वीस मिनिटांचं. पण त्या नटाखाली दोन बेअरिंगच्या मध्ये क्रश स्लीव्ह असते. ती दबून-दबून प्रीलोड ठरवते आणि एकदा दबली की परत फुगत नाही. गनने थोडं जास्त मारलं की बेअरिंग आवळून गरम होतात. कमी मारलं की पिनिअन खेळायला लागतं.

नव्या बेअरिंगवर प्रीलोड १६ ते २९ इंच-पाउंड, जुन्या बेअरिंगवर ८ ते १४. हे फूट-पाउंड नव्हेत. हे नटाचं टॉर्कही नव्हे, पिनिअन फिरवायला लागणारा जोर आहे, आणि तो कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) आत नसताना मोजायचा. त्यासाठी काटा असलेला किंवा बीमवाला छोटा टॉर्क रेंच लागतो, 'टक्' वाजणारा चालत नाही. नटाला कमीत कमी १४० फूट-पाउंड लागतात, नवी स्लीव्ह दाबताना त्याहून बरेच जास्त. स्लीव्ह दबायला सुरुवात झाली की नट अगदी थोडा-थोडा फिरवा आणि दर वेळी मोजा. १६ च्या खालून २९ च्या वर जायला फार वेळ लागत नाही.

वर गेलात तर नट ढिला करून आकडा जुळवायचा नाही. आकडा जुळेल, पण स्लीव्ह आता सैल आहे आणि नट काही दिवसांत आपोआप सुटेल. नवी स्लीव्ह घाला. ती स्वस्त असते, दोन आधीच आणून ठेवा. शर्यतीची गाडी असेल तर क्रश स्लीव्हऐवजी शिमवाला सॉलिड स्पेसर मिळतो. बसवायला किचकट, पण पुढे सील बदलताना काळजी नाही.

खोली: जिथे खरा वेळ द्यायचा

पिनिअनच्या डोक्यामागे, आतल्या बेअरिंगखाली एक शिम असतो. जाड शिम पिनिअनला क्राउनच्या मध्याकडे आत ढकलतो, पातळ शिम बाहेर ठेवतो. जुन्या सेटचा शिम हा त्या हाउसिंगसाठी (ॲक्सलचं कवच) आणि त्या पिनिअनसाठी होता. हाउसिंग तेच आहे, पिनिअन नवं आहे. त्यामुळे जुनी जाडी ही सुरुवात म्हणून चांगली, निर्णय म्हणून नाही. निर्णय देतो तो दातांवरचा ठसा.

एका सेटअपला आतलं बेअरिंग अनेकदा काढ-घाल करावं लागतं, आणि प्रेसवर दर वेळी चढवलं-उतरवलं तर ते मरतं. म्हणून जुन्या बेअरिंगचं आतलं छिद्र थोडं घासून हाताने बसेल असं करून ठेवतात आणि सगळे ठसे त्यावर काढतात. क्रश स्लीव्हही या काळात घालत नाहीत, नट प्रीलोड येईल एवढाच आवळतात. शेवटी खरं बेअरिंग चढवण्याआधी दोन्ही बेअरिंगची उंची मोजा. फरक असेल तर तो शिममध्ये धरा. ही शेवटची पायरी गाळली की ठसा छान होता तरी गाडी गाते, आणि कुणालाच कळत नाही का.

आता बॅकलॅश. डायल गेजचं टोक क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या कडेजवळ, फिरण्याच्या दिशेला सरळ लावा. पिनिअन घट्ट धरून क्राउन हलवा. सेटबरोबरच्या कागदावर बहुधा ८ ते १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लिहिलेलं असतं. कागद हरवला असेल तर त्या पट्ट्यात राहा. क्राउन फिरवत किमान चार जागी मोजा. जागेजागी ४ थाऊहून जास्त फरक पडत असेल तर पुढे जाऊ नका: क्राउन कॅरिअरवर सपाट बसलेला नाही. बऱ्याचदा मधे धातूचा कण, रंग किंवा बोल्टच्या भोकाची उठलेली कड असते. या ठिकाणी ठसा दर फेरीला वेगळा येईल आणि तुम्ही शिमशी विनाकारण झगडत बसाल. क्राउनचे बोल्ट ७० ते ८५ फूट-पाउंड, थ्रेडलॉकर लावून.

बॅकलॅश बदलायचा तर एका बाजूचा शिम जेवढा कमी तेवढाच दुसऱ्या बाजूला जास्त. साधारण ३ थाऊ सरकवलं की बॅकलॅश २ थाऊ बदलतो. दोन्ही बाजूंची बेरीज कायम ठेवली नाही तर कॅरिअर बेअरिंगचा प्रीलोड जातो. शेवटचा शिम हातोडीने ठोकत आत जायला हवा. बोटाने सरकला तर सैल आहे. आणि बेअरिंगच्या टोप्या डावी-उजवी, वर-खाली खुणा करूनच काढा. त्या हाउसिंगबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही.

ठसा घ्यायला मार्किंग पेस्ट पातळ लावा, तीन-चार दातांना, दोन-तीन जागी. मग क्राउनला चिंधी किंवा लाकडाने अडवून, जोर येईल असं पिनिअन दोन्ही दिशांना फिरवा. जोर न देता फिरवलेला ठसा सुंदर दिसतो आणि खोटं बोलतो.

पाहायचं काय? दाताच्या माथ्याकडे आणि मुळाकडे. खोलीची भाषा ती आहे. ठसा माथ्याच्या कडेला चिकटलेला असेल तर पिनिअन दूर आहे: शिम जाड करा. मुळाच्या खाचेत गेला असेल तर पिनिअन फार आत आहे: शिम पातळ करा. लांबीच्या दिशेने, म्हणजे आतल्या टोकाकडे की बाहेरच्या, हे प्रामुख्याने बॅकलॅशचं काम. आणि आवाजाच्या दृष्टीने ते दुय्यम आहे. नव्या पद्धतीने कापलेल्या सेटमध्ये दाताची उंची आतून बाहेरपर्यंत सारखी असते, तिथे तर ठसा लांबीत थोडा इकडे-तिकडे असला तरी चालतो. माथा आणि मूळ यांच्या मधोमध आला पाहिजे, कडा मऊ विरत गेल्या पाहिजेत. कडेला धारदार रेघ दिसली तर तिथे दात घासतोय.

सुरुवातीला ५ थाऊच्या उड्या मारा. दोन ठसे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना गेले की उत्तर मधे आहे हे कळतं, मग २ थाऊने जवळ या. दर वेळी शिम बदलल्यावर बॅकलॅश पुन्हा मोजा, कारण पिनिअन आत गेलं की बॅकलॅश कमी होतो. नेमकं याच कारणाने बॅकलॅश हलवून आवाज 'गेल्यासारखा' वाटतो: स्पर्श थोडा सरकतो, सूर थोडा बदलतो, मूळ जागा चुकीचीच राहते.

ड्राइव्ह बाजूचा ठसा उत्तम आणि कोस्ट बाजूचा (ॲक्सिलरेटर सोडल्यावर लागणारी) जरा बाजूला, अशी तडजोड करावी लागली तर रस्त्यावरच्या गाडीत मी ड्राइव्ह बाजूचं ऐकतो. दोन्ही बाजू विरुद्ध टोकांना जात असतील आणि शिमने जुळत नसतील तर मात्र सेटवर संशय घ्यायला हरकत नाही. त्याआधी क्राउन आणि पिनिअनवरचे नंबर जुळतात का पाहा. ते कारखान्यात जोडीने घासून तयार केलेले असतात, दुकानाच्या फळीवर डब्यांची अदलाबदल झाली की काहीही करून जुळत नाहीत.

गॅरेजकडून काम करून घेत असाल तर एकच अट घाला: कव्हर लावण्याआधी दोन्ही बाजूंच्या ठशाचे फोटो, आणि बॅकलॅश, प्रीलोड, शिमची जाडी हे तीन आकडे लेखी. जो हे द्यायला कुरकुरतो त्याने ते मोजलेलं नाही असं समजून दुसरीकडे जा.

पहिले ५०० मैल

नव्या सेटला पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं हलक्या पायाने चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. असं काही वेळा. पहिल्या ५०० मैलांत ट्रेलर नाही, ड्रॅग स्ट्रिप नाही, टायर जाळणं नाही. मग तेल बदला. या हाउसिंगला खाली ड्रेन प्लग नाही, कव्हर उतरवूनच तेल निघतं. म्हणून लोक टाळतात. तेल पावणेदोन लिटरच्या आसपास लागतं. चुंबकावर बारीक राखाडी लगदा दिसला तर ठीक. चकचकीत कपच्या दिसल्या तर आत जा.

आणि आता ती न आवडणारी गोष्ट. चुकीच्या खोलीवर हजारो मैल चाललेला सेट नंतर अगदी अचूक बसवला तरी बहुधा गातच राहतो. दात त्या चुकीच्या जागी झिजून त्याच आकाराचे झालेले असतात. वापरलेला सेट विकत घेणाऱ्यांनाही हेच लागू. तो त्याच्या जुन्या हाउसिंगमध्ये शांत होता याचा तुमच्या हाउसिंगशी संबंध नाही. आवाज असून दात तुटके नसतील तर तो सेट लगेच मोडेल असं नाही. सहन होत असेल तर चालवा. नसेल तर नवा घ्या, पण या वेळी शिम मोजून.

स्पीडोमीटर

हे थोडक्यात. टी-५ मध्ये स्पीडोमीटरची वायर गिअरबॉक्सच्या शेपटातल्या छोट्या प्लास्टिक गिअरवरून फिरते, म्हणजे ॲक्सलच्या आधीच. २.७३ चं ३.७३ केल्यावर तो गिअर बदलला नाही तर खऱ्या ७० ला काटा ९६ च्या जवळ दाखवतो. ओडोमीटरही त्याच प्रमाणात पळतं, म्हणून वरचे ५०० मैलही जीपीएसवरूनच धरा. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत हे काम ट्यूनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारं उपकरण) होतं. आरपीएमचा हिशेब हवा असेल तर पाचव्या गिअरमध्ये ७० मैलांवर आधी सुमारे १७०० असायचे, ३.७३ वर २३०० च्या आसपास. ४.१० चा मोह होत असेल तर २५५० धरा, आणि रोजचा प्रवास फ्रीवेचा असेल तर तो मोह सोडा.